रिकाम्या गावात बंद पडलेली मोटार आणि आबांचा डोळा

"एसटीने नेऊ नका, धक्के बसतील," असं डॉक्टर म्हणाले आणि आमचा प्रवास तिथेच ठरला. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मिरजेला काढून तेरा दिवस झाले होते. डावा डोळा आधीच गेलेला. आबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके, होते. शिडाचा दोर तुटून तोंडावर बसला, तेव्हापासून त्या बाजूला काळोख. आता उजवा वाचला तर दिसणार, नाहीतर जन्मभर भिंती चाचपत हिंडायचं. डोळ्याला टाके होते, वर जाड पट्टी होती. दीड महिना वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, जोरात खोकायचं नाही, ठेच तर लागताच कामा नये. दिवसातून तीनदा उकळून गार केलेल्या पाण्याने डोळा पुसून थेंब घालायचे. आणि या माणसाला तारकर्लीला घरी न्यायचं होतं.

माझी नात यंदा कुणकेश्वर, मालवण, तारकर्ली अशी फेरी करते आहे आणि तिच्या ब्लॉगवर म्हणे गाडीत काय काय ठेवायचं याची यादी हवी. मला म्हणाली, आजी, तू तर बंद पडलेल्या गाडीत बसलेली बाई आहेस, तूच लिही. यादी मला जमत नाही. जे झालं ते सांगते, त्यातून काय ते घ्या. गोष्ट एकसष्ट-बासष्टची. तेव्हा सिंधुदुर्ग हा जिल्हा नव्हता, सगळं रत्नागिरीतच. खर्च विचारू नका, आठवत नाही.

मोटार आमच्या ह्यांच्या मित्राची. हे कोल्हापूरला नोकरीला होते आणि चार वेळा ती गाडी चालवली म्हणून स्वतःला पक्के ड्रायव्हर समजत. निघण्याआधी त्यांनी गाडी धुतली, पुसली, पुढे कॅनव्हासची छागल पाणी भरून टांगली, हॉर्न दोनदा वाजवून बघितला. इंजिनाचं झाकण काही उघडून बघितलं नाही. मी थर्मासमध्ये डोळ्याचं पाणी भरलं, कापूस घेतला, थेंबांची बाटली रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवली. तेरा दिवस मी दवाखान्याच्या बाकावर झोपले होते. मला खरं तर कोणी उचलून घरी नेलं असतं तर बरं झालं असतं.

पहिला दिवस मिरज, कोल्हापूर, राधानगरी आणि पुढे दाजीपूरच्या जंगलातला चढ. आबा मागच्या सीटवर उशांमध्ये बसलेले आणि मी त्यांचं डोकं दोन्ही हातांनी धरलेलं. खड्डा आला की मी "हळू" म्हणायची आणि हे "हळूच चाललोय की" म्हणायचे. असं साठ वेळा तरी झालं असेल. दाजीपूरच्या अलीकडे इंजिनातून वाफ यायला लागली. ह्यांनी गाडी थांबवली, चाकाला दगड लावला, इथपर्यंत शहाणपणा. मग घाईघाईने रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि मनगट भाजून घेतलं. छागल बघितली तर रिकामी. सकाळपासून तहान लागली की हेच तिला तोंड लावत होते. मी आबांना झाडाआड नेऊन आणलं तेवढ्यात ह्यांनी माझा थर्मास गाडीत ओतला.

"ते डोळ्याचं पाणी होतं," मी म्हटलं.

"पाणी ते पाणी. कणकवलीत उकळून घेऊ की," हे म्हणाले आणि मनगटावर फुंकर घालत बसले.

गाडी का तापली, ते आम्ही दोघांनीही बघितलं नाही. फोंडा घाट उतरताना उतारच होता, म्हणून निभावलं. कणकवलीत एका खानावळीत उतरलो. आबांना मऊ भात आणि कढी मिळाली, आम्हाला बांगड्याचं तिखलं. त्या वासाने आबा इतके कष्टी झाले की मला माझं ताट उचलून दाराबाहेर जेवावं लागलं. चावायचं काही द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. सकाळी खानावळीच्या बाईकडून पाणी उकळून घेतलं, पहिले थेंब घातले. उरलेलं थर्मासमध्ये भरणार तर आतली काच तडकलेली. रात्री गाडीतून काढताना ह्यांनी आपटला असणार. बोलायलाही अंगात त्राण लागतं.

मोठ्या रस्त्यावर नवी खडी टाकली आहे, धक्के बसतील, असं खानावळीत कळलं, म्हणून आतल्या रस्त्याने मालवण गाठायचं ठरलं. लाल मातीचा रस्ता, पण खडीपेक्षा मऊ. तासाभराने एका गावाची वेस आली. त्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वेशीबाहेरच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपीच खोपी, चुलींचा धूर, गुरं, माणसं. लोकांनी आम्हाला बघून हात हलवले.

"जत्रा दिसतीय. बघा, मोटार बघून कशी खूश झालीत," असं म्हणत ह्यांनीही हात हलवला आणि गाडी गावात घातली.

मी आबांच्या डोक्याकडे बघत होते, माझं बाहेर लक्षच नव्हतं. आबांचं मात्र कान देऊन चाललेलं. "चेडवा," ते म्हणाले, "कोंबे माळावर कशे आरवतत गो? आणि हय एक कुत्रोसुद्धा भुकत नाय."

मी वर बघितलं. दोन्ही बाजूंना घरं, अंगणं सारवलेली, दारांना कड्या. विहिरीवर दोर गुंडाळून ठेवलेला. माणूस नाही, गुरं नाहीत, एकही चूल पेटलेली नाही. मी तारकर्लीची, मला कळायला हवं होतं.

"गावपळण," आबा म्हणाले. "जावयबापू, गाडी थांबवू नकात. सरळ बाहेर काढा."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडच्या काही गावांत तीन-चार वर्षांनी ग्रामदेवाचा कौल झाला की सगळा गाव तीन दिवस घरं सोडून वेशीबाहेर राहतो. गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी बरोबर. गावात त्या दिवसांत देवाचा वावर, म्हणून माणसाने तिथे थांबायचं नाही, चूल पेटवायची नाही, कशाला हात लावायचा नाही. वेशीवरचे लोक हात हलवून हेच सांगत होते, की थांबू नका, थेट निघून जा.

आणि बरोबर त्याच वेळी पुढून फट् असा आवाज आला. थोडं पुढे गेल्यावर वाफेचा लोट उठला आणि गाडी भर गावात, एका पाराजवळ, उभी राहिली.

या वेळी ह्यांनी झाकण उघडून बघितलं. पंखा फिरवणारा पट्टा तुटून खाली पडला होता. कालच तो विरलेला असणार, म्हणून गाडी तापत होती आणि आम्ही पाणी ओतून समाधान मानलं. निघण्याआधी फक्त बोट फिरवून बघितलं असतं तरी कळलं असतं. दुसरा पट्टा जवळ नाही. पाणी नाही. सकाळची एसटी गेलेली, दुसरी उद्या. ऊन चढायला लागलेलं आणि दुपारच्या थेंबांची वेळ दीड तासावर.

"त्यात काय," हे म्हणाले. "ही विहीर, हा दोर. दोर बांधू पट्ट्याच्या जागी, पाणी भरू. मोजून पंधरा मिनिटं. इथं कोण बघतंय?"

"हात लावशात तर बघा," आबा म्हणाले. त्यांचा आवाज गलबतावरचा झाला होता. "हयलो दोर नाय, हयला पाणी नाय, झाडाचा पानसुद्धा नाय."

मागून गाडी आली तर कळावं म्हणून रस्त्यात टहाळे टाकायचे, तेही आबा तोडू देईनात. शेवटी मी ट्रंकेतलं माझं लाल लुगडं काढून वीस पावलं मागे दोन दगडांवर पसरलं. पुढच्या बाजूला ह्यांचा पंचा. चाकांना दगड लावले. दगड तेवढे चालतील, अशी आबांनी सवलत दिली.

पुढची वेस मैलभरावर होती. मी म्हटलं, मी जाऊन दोर आणि पाणी मागून आणते, तुम्ही दोघे बसा. पण आबांनी दार उघडून पाय बाहेर काढला होता. "मी हय बसूचंय नाय," एवढंच ते म्हणत राहिले. मी विनवण्या केल्या, टाक्यांची आठवण दिली, डॉक्टरांचं नाव घेतलं. ते म्हणाले, "तू माझो हात धर. मी चलतंय."

आणि मग मी जे बोलले ते मला अजून ऐकू येतं. मी म्हटलं, "सांभाळा तुमचा देव आणि सांभाळा तुमचा डोळा. माझ्याच्याने आता होत नाही." बापाला असं बोलायची आमच्यात रीत नव्हती. आबांनी नुसता हात पुढे केला. हे गाडीपाशी थांबले, इंजिन निवेपर्यंत झाकणाला हात न लावण्याची शपथ घेऊन. तुटलेला पट्टा मापाला म्हणून मी पिशवीत टाकला.

त्या मैलाबद्दल काय सांगू. जांभ्या दगडाचा रस्ता, कुठे वर आलेला, कुठे खचलेला. एका हातात पिशवी, एका हातात आबा. "पायरी आहे, उजवीकडे या, खड्डा, थांबा, चला." घरांमागून घरं, सगळी बंद, आणि आमच्याच पावलांचा आवाज. डोळ्यांवर झापड येत होती, चालता चालता. वेस समोर दिसायला लागली तेव्हा पिशवीचा बंद घसरला. मी तो सावरायला आबांचा हात सोडला. किती वेळ सोडला असेन? दोन श्वास. पण खरं सांगायचं तर त्यातला एकच श्वास पिशवीसाठी होता. दुसरा मी नुसती उभी राहिले, कोणाचाही हात हातात नसताना, कारण ते बरं वाटलं.

आबांनी पाऊल टाकलं, ठेच लागली आणि ते गुडघ्यांवर आले. मान जोरात हलली. मी पाहिली.

उठवलं, धूळ झटकली. पट्टी जागेवर होती. "काय नाय, काय नाय, माझोच पाय अडकलो," ते म्हणाले. डोळ्यात दुखतंय का, हे विचारायचीही माझी छाती झाली नाही.

वेशीबाहेर लोक उभे होते. आत येऊन मदत करता येत नव्हती म्हणून अगदी हद्दीला लागून उभे होते, हात पुढे करून. आबांचा पाय बाहेर पडला आणि चार जणांनी त्यांना उचलल्यासारखं करून एका खोपीत बसवलं. सुभद्राकाकी नावाच्या बाईची खोप होती. तिने काही विचारायच्या आधी पेजेचं वाडगं आबांच्या हातात दिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू बस गो बाये. पडशील." मी तिला डोळ्याचं सांगितलं. तिने नवं मडकं चुलीवर ठेवून पाणी उकळलं, परातीत पाणी घेऊन त्यात मडकं बसवून गार केलं. दुपारचे थेंब वेळेवर पडले. कापसावर किंचित गुलाबी डाग होता. तो मी मुठीत लपवला.

मग पट्ट्याचं सांगितलं. आबा म्हणाले, "दोर व्हयो. बोटभर जाड, तीन पदरी, काथ्याचो."

तसा दोर तिथे एकच होता, काकीच्या म्हशीचं दावं. काकीने म्हशीकडे बघितलं, वेशीकडे बघितलं. म्हैस सुटून गावात गेली तर पंचाईत, आत जाऊन तिला आणणार कोण? "घेवा," ती म्हणाली, "पण म्हशीक कोण धरतलो?"

मी धरली. तुम्ही म्हणाल, गंमत करते आहे. माझ्या पदराचं टोक म्हशीच्या शिंगाला आणि दुसरं टोक माझ्या मनगटाला, अशी मी झाडाला टेकून बसले. बायका हसत होत्या. हसू मलाही आलं असतं, पण तेही जमेना.

आबांनी काम कसं केलं ते सांगते, कारण पुढे कित्येक मेकॅनिकांना सांगून मी त्यांना थक्क केलं आहे. नुसता दोर बांधला तर गाठ येते आणि गाठ पंख्याच्या चाकात अडकून दोर तुटतो. आबांनी तुटका पट्टा हातावर ताणून माप घेतलं. दावं उकललं, त्यातला एकच पदर वेगळा काढला. त्याचं कडं केलं आणि तोच पदर त्याच कड्याभोवती फिरवत नेला, आणखी एक फेरा, दुसरा फेरा, जुन्या पिळाच्या खोबणीत बरोबर बसवत. टोकं आत खोवून दिली. तीन पदरी कडं तयार झालं, कुठेही गाठ नाही. सगळा वेळ पाठ ताठ, मान वर, हात मांडीवर. बघायचंच नव्हतं, त्यामुळे वाकायचीही गरज पडली नाही. एक म्हातारा शेजारी बसून कडं चाचपत म्हणाला, "तांडेला, गावात शिरलस तां बरां नाय केलंस." आबा म्हणाले, "शिरलंय खरो. पण बघूक काय नाय, डोळे बांधलेले. देवा म्हाराजाक सगळा म्हायत आसा." म्हाताऱ्याने कडं त्यांच्या हातात परत दिलं.

मी कडं आणि दोन कळश्या पाणी घेऊन एकटी परत गाडीकडे गेले. म्हैस दुसऱ्या बाईने धरली. इंजिन पुरतं निवलेलं होतं. ह्यांनी झाकणावर फडकं टाकून ते हळूहळू सोडलं, भाजलेलं मनगट शहाणं झालं होतं. आबांच्या सांगण्याप्रमाणे कडं ओलं करून चढवलं. हँडल मारलं. पंखा फिरला. वेशीबाहेर आबांना उशांत बसवलं आणि मैल-मैल चालवून, थांबून, निववून, ती दहा-बारा मैलांची वाट आम्ही सगळी दुपार घालवून संपवली. ते कडं मालवणपर्यंत टिकलं.

मालवणच्या डॉक्टरांनी पट्टी काढून बघितलं. थोडं रक्त उतरलेलं दिसतंय, म्हणाले. टाका धरून आहे. पडलात का कुठे?

"माझोच पाय अडकलो," आबा म्हणाले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"दिसेल का?" ह्यांनी विचारलं.

"चष्मा आल्यावर कळेल. तोवर जपा."

मोतीबिंदू काढला की तेव्हा जाड भिंगाच्या चष्म्याशिवाय सगळं धुकंच दिसायचं. तो दीड महिना मी तारकर्लीला काढला. हे कोल्हापूरला परत गेले, नवा पट्टा घालून, आणि एक जास्तीचा घेऊन. आबा ओटीवर ताठ बसून काथ्या वळायचे. म्हशीसाठी नवं दावं वळलं, ते आमच्या चुलतभावाने काकीला पोचवलं. मी थेंब घालायची, पाणी उकळायची, आणि रोज कापूस उजेडात धरून बघायची. रात्री तो दुसरा श्वास आठवायचा. कोणालाही सांगितलं नाही. मला वाटायचं, डोळा गेला तर तो मी घालवला, आणि हे एकटीने घेऊन जगायचं.

चष्मा मिरजेहून हेच घेऊन आले. आबा ओटीवर बसलेले, समोर माडांमधून समुद्र दिसतो. आम्हाला वाटलं, ते आधी समुद्राकडे बघतील. त्यांनी चष्मा चढवला, दोन्ही हातांनी दांड्या धरून बसले आणि मान माझ्याकडे वळवली. बराच वेळ बघत राहिले.

"किती वाळलंस गो," ते म्हणाले. मग जरा थांबून, हळूच, मलाच ऐकू येईल असं, "हात सुटलो तेवा इतकी दमलेलंस? माका सांगूक नाय तां?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. ह्यांना वाटलं, आनंदाने रडते आहे. तेही खोटं नव्हतं.

आबा त्यानंतर कित्येक वर्षं त्या एका डोळ्याने पेपर वाचत होते. आज कणकवलीहून मालवणला कधी पोचतो ते कळतही नाही, आणि नातीच्या गाडीला असले पट्टे-बिट्टे लागतात की नाही, देव जाणे. तरी तिने डिकीत दोन पाण्याचे कॅन ठेवले आहेत, त्यांवर "गाडी" आणि "माणसं" असं लिहून, आणि जाड दोर, फडकं, लाल कापड. चांगलं आहे, असू दे. निघण्याआधी बॉनेट उघडून बघा. तापलेल्या झाकणाला हात लावू नका. गाव रिकामं दिसलं तर कशाला हात लावण्याआधी कोणाला तरी विचारा.

परवा तिच्याबरोबर जाताना फोंडा घाटात एका वळणावर तिने गाडी कडेला घेतली आणि आरशातून विचारलं, "आजी, दमलीस?"

"हो," मी म्हटलं. "खूप."